चेहऱ्यापुरता उजेड

गद्य नाटकवाल्यांना फॉलो स्पॉट आवडत नाही. तालमी रंगात आल्या की प्रकाशयोजनेचा विषय निघतो, मी ‘इथं एक फॉलो ठेवूया’ म्हणते आणि दिग्दर्शकाच्या कपाळावर हमखास आठी पडते. त्याच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक असतं. ऑर्केस्ट्रात गायकाच्या मागे धावणारं पांढरंफटक वर्तुळ. मंगल कार्यालयात नवरीला दारापासून व्यासपीठापर्यंत पोहोचवणारा झोत. नाटकातला प्रकाश मुरलेला असावा, त्यानं स्वतःकडे लक्ष वेधू नये, असं त्याचं म्हणणं असतं आणि मला ते पूर्ण मान्य आहे. तरीही मी फॉलो मागते. मला हवा असलेला फॉलो प्रेक्षकांना दिसत नाही. त्यांना फक्त चेहरा दिसतो, आणि तो आज इतका जवळ का वाटतोय हे त्यांना सांगता येत नाही.

असा फॉलो मागण्याची सोय आपल्याकडं अलीकडे झाली, आणि ती एलईडीनं केली. या दिव्याबद्दल माझ्या मनात तक्रारीही पुष्कळ आहेत, त्या पुढं येतीलच. पण हे श्रेय आधी देऊन टाकते.

नाट्यगृहातले बाकीचे दिवे तिसऱ्या घंटेच्या आधी टांगून, रोखून, कसून झालेले असतात. नटानं त्यांच्यात येऊन उभं राहायचं. तो दोन पावलं इकडेतिकडे झाला तर अंधारात बोलत राहतो. फॉलो मात्र नटाकडे जातो, कारण त्याला धरून माणूस उभा असतो. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेमागे किंवा प्रोजेक्शनच्या खोलीच्या खिडकीत, मोठ्या थिएटरात रंगमंचापासून पंचवीस-तीस मीटरवर. लांब नळकांड्याचा दिवा तिवईवर तोललेला. मागं धरायची दांडी, वर वर्तुळ लहानमोठं करणारी आयरिसची खिट्टी, उजेड तोडणारं शटर, पुढं रंगीत फिल्टरच्या पट्ट्या आणि प्रत्येकीला आपापला खटका. नळकांड्याच्या पाठीवर चिकटपट्टीनं बसवलेलं तारेचं एक कडंही असतं. ते बहुतेक वेळा लाइटवाला स्वतः करतो, सायकलच्या स्पोकचा तुकडा वाकवून आणि त्याला काळी टेप गुंडाळून. एक डोळा मिटून पाहिलं की कड्यात जे दिसतं तिथंच झोत पडणार. दिवा बंद असताना अंधारात नेम धरायचा तो या तारेच्या भरवशावर.

मी या कामात आले तेव्हा फॉलो म्हणजे डिस्चार्ज लॅम्प. काचेच्या बोंडात दोन टोकं, त्यांच्यामध्ये विजेची कमान पेटायची आणि डोळे दिपवणारा पांढरा उजेड यायचा. मोठ्या दिव्याला बाराशे वॅट लागत. पेटल्यापासून पूर्ण तेजावर यायला त्याला काही मिनिटं लागायची, म्हणून प्रयोगाआधीच तो पेटवून ठेवायचा. तो विजेनं मंद करता येत नसे. प्रवेशात दोनच मिनिटं फॉलो लागणार असला तरी शटरच्या पत्र्यामागे तो दोन-अडीच तास जळत असायचा आणि प्रोजेक्शनच्या खोलीत उभ्या माणसाचा सदरा पाठीला चिकटायचा. शटर हळूहळू मिटत उजेड कमी करावा म्हटलं तर अगदी खालच्या पातळीवर वर्तुळ सगळीकडून सारखं मंद होत नसे, एका बाजूनं खाल्ल्यासारखं दिसे.

रंगाची अडचण त्याहून मोठी होती. आपल्या रंगमंचावरचे पार कॅन आणि स्पॉट हॅलोजनचे, ३२०० केल्विनच्या आसपासचे, म्हणजे पिवळसर आणि उबदार. हा फॉलो सहा हजारांच्या घरातला. अशा रंगमंचावर तो कुणाच्या तोंडावर टाकला की ते तोंड एकटंच निळसर, आजारी दिसायला लागायचं. रंग जुळवायचा तर नारंगी फिल्टर लावा, आणि त्या फिल्टरमध्ये जवळजवळ निम्मा उजेड गिळला जायचा. लावणीला आणि ऑर्केस्ट्राला ही निळाई चालत होती. संध्याकाळच्या दिवाणखान्यात बसलेल्या बापाच्या चेहऱ्याला ती चालली नसती. दिग्दर्शकाच्या कपाळावरची आठी या दिव्यानं पाडलेली आहे.

त्यात वीज. मराठवाड्यातल्या एका गावी लावणीचा कार्यक्रम होता. ऐन रंगात आलेली लावणी, आणि वीज दोनच सेकंद गेली. जनरेटरनं लगेच झेल घेतला, रंगमंचावरचे हॅलोजन परत लागले, ढोलकी तर थांबलीच नव्हती. फॉलो मात्र आला नाही. डिस्चार्ज लॅम्प तापलेला असताना विझला की आतल्या वायूचा दाब इतका असतो की कमान पुन्हा पेटत नाही. बोंड निवेपर्यंत वाट बघायची, दहा मिनिटं तरी गेली असतील. वर लाइटवाला खटके मारत होता. खाली नाचणाऱ्या बाईंनी एका गिरकीत परिस्थिती ओळखली आणि पुढच्या पार कॅनच्या पट्ट्यात सरकून उरलेली लावणी तिथल्या तिथं, चार हात जागेत पुरी केली. त्या रात्री दिवा बाईंकडे जाऊ शकला नाही, बाईच दिव्याकडे आल्या. एलईडीला ही भानगड नाही. वीज आली की तो त्याच क्षणी पेटतो. ज्यांनी आडगावी दौरे केलेत त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

माणसानं नटामागे दिवा फिरवत राहायचं ही पद्धत विजेपेक्षा जुनी आहे. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात १८३७ मध्ये चुन्याचा दिवा आला. ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत कळीच्या चुन्याच्या कांडीवर सोडायची. चुना वितळत नाही, पांढराशुभ्र तापतो आणि त्या तापलेल्या ठिपक्याचा उजेड भिंगातून नटावर टाकायचा. ज्योत एकाच जागी लागली की चुन्याला खड्डा पडायचा आणि तेज उतरायचं, त्यामुळं दिवेवाल्यानं एका हातानं कांडी थोडी थोडी फिरवत राहायचं, दुसऱ्या हातानं वायूची नळी सांभाळायची आणि डोळे नटावर ठेवायचे. १८८१ मध्ये लंडनचंच सॅव्हॉय थिएटर पूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलं. पण लायसियम थिएटर चालवणारा हेन्री आयर्विंग गॅस आणि चुन्याच्याच बाजूचा राहिला. त्याच्या नाटक कंपनीची नायिका एलन टेरी हिनं १९०८ मधल्या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की मध्यंतरी तिथं विजेचे पायदिवे बसले तेव्हा त्यांनी चेहऱ्यांचं काय केलं ते पाहून तिनं आयर्विंगला गॅस परत आणायची गळ घातली, आणि त्यानं तो आणला.

हा उल्लेख वाचला तेव्हा मला ती फार जवळची वाटली. नवं आलं की जुन्यासाठी हळहळणारे नेहमीच असतात असं म्हणून तिला मोडीत काढता येईल. मी काढणार नाही. तिनं तक्रार केली ती चेहऱ्यांबद्दल. दिव्याला तपासायची याहून चांगली जागा मला माहीत नाही, आणि गॅसच्या उजेडात जो दाट मऊपणा होता तो विजेत आला नाही हे तिचं निरीक्षण खरंच असणार. आपल्याच काळातली गोष्ट घ्या. २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या ऊर्जाबचतीच्या नव्या नियमांचा मसुदा आला आणि रंगमंचावरचे हॅलोजनसारखे टंगस्टनचे दिवे बाद होण्याची वेळ आली. तिथल्या रंगकर्मींनी मोठी मोहीम उघडली आणि रंगमंचापुरती सवलत मिळवली. वीज वाचवायला त्यांचा विरोध नव्हता. चेहरा हातचा जाईल याची त्यांना भीती होती.

ही भीती कुठून येते ते एलईडीच्या पोटात शिरल्यावर कळतं. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. आत निळा उजेड देणारी चिप असते. हाच तो निळा एलईडी, ज्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर असतो. थोडा निळा तसाच बाहेर पडतो, बाकीच्याचा फॉस्फर पिवळा करतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. भिंतीवर टाकलात तर एकदम स्वच्छ. पण या मिश्रणात गडद लाल फार कमी असतो. दिवा रंग किती खरे दाखवतो हे सांगणारा एक आकडा खोक्यावर छापलेला असतो, शंभरापैकी ऐंशी वगैरे. तो आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी काढून येतो. त्या आठांत ठळक लाल नाहीच. लालाचा नमुना नववा, आणि तो सरासरीत धरत नाहीत. म्हणजे ऐंशी गुण मिळवलेला दिवा लालाच्या पेपरात जवळजवळ नापास असू शकतो आणि खोक्यावरून ते कळत नाही.

आता आपल्या रंगमंचावर लाल कुठं कुठं असतो ते बघा. कुंकू. विडा खाल्लेले ओठ. लावणीवालीचा शालू, तळव्यांचा आळता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कातडीखालचं रक्त. आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यात जी जान दिसते ती या खालच्या तांबूसपणाची असते. तो काढून घेतला की चेहरा राखी पडतो, मग वर कितीही वॅट ओता.

मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका ग्रीन रूमबाहेरच्या बोळात. भाड्यानं देणाऱ्याकडून दोन एलईडी फॉलो आले होते, दोन वेगळ्या बनावटींचे. एक बाई मेकअप करून बसल्या होत्या, डाळिंबी नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी त्यांना उठून बोळाच्या टोकाला उभं राहायची विनंती केली. पहिल्या दिव्यात कुंकू विटकरी झालं, जवळजवळ तपकिरी, आणि नऊवारीचा डाळिंबी रंग मेला. जर मात्र झगझगीत दिसत होती, कारण जरीला पांढरं चालतं. गालांवरची लाली धुळीसारखी वर बसलेली दिसायला लागली. दुसरा दिवा लावला आणि कुंकू कपाळावर परत आलं. त्याच क्षणी गाल आणि लाली एकमेकांत मिसळले. पहिला दिवा दुसऱ्यापेक्षा चांगलाच प्रखर होता, हे मुद्दाम सांगते. बाईंनी हातातल्या आरशात दोन्ही वेळा पाहिलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “हाच ठेवा. त्या पहिल्यात मी आजारी दिसते.” मोजमापाचं यंत्र माझ्याकडं असतं, पण त्या दिवशी ते पिशवीतून काढावं लागलं नाही.

तेव्हापासून माझा फॉलो कधी भिंतीवर तपासला जात नाही. कुणीतरी माणूस उभा करते. कुणीच नसलं तर स्वतःचा तळहात झोतात धरते, त्यातही रक्त असतं.

बरा एलईडी हाताशी आला की मग ज्या गोष्टीसाठी मी भांडते ती करता येते. एका नाटकाचं सांगते. शेवटच्या अंकात आई खिडकीपाशी खुर्चीत बसलेली असते. मुलाचं पत्र आलेलं आहे. ते न वाचता ती त्याची घडी घालते, उलगडते, पुन्हा घालते. बाजूला सून आणि धाकटा मुलगा घराच्या विक्रीबद्दल बोलत असतात. संध्याकाळ उतरत चाललीय, रंगमंचावर उजेड थोडाच आहे आणि तो वरून येतोय. वरून आलेल्या उजेडाची एक खोड असते, भुवयांची सावली डोळ्यांत पडते. पहिल्या पाच रांगांना हरकत नाही. अठराव्या रांगेला आईच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात, आणि प्रवेश तर सगळा त्या डोळ्यांत आहे. सगळाच उजेड वाढवला तर संध्याकाळ मरते.

इथं मला बाल्कनीतून सात टक्के फॉलो हवा होता. उबदार पांढरा. कडा पूर्ण विरघळलेली, म्हणजे मागच्या भिंतीवर वर्तुळाची रेघ उमटायला नको. छातीपासून वर. आणि तो यायला चाळीस सेकंद लागले पाहिजेत, धाकट्या मुलाचं लांबलचक वाक्य चालू असताना. प्रेक्षक त्याच्याकडे बघत असतात, आणि तो बोलायचा थांबून सगळ्यांची नजर आईकडे वळते तेव्हा तिचे डोळे तिथं असतात. झोपलेलं मूल एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर घेतात, तसा हा उजेड आत घ्यायचा असतो.

फॉलोवर एक वयस्क काका होते, आयुष्यभर लावण्या आणि ऑर्केस्ट्रे मारलेले. ते म्हणाले, “ताई, सात टक्क्यांना माणूस कशाला अडकवताय? एक दिवा बांधून टाका की खुर्चीवर.”

म्हटलं, “काका, ती उठते ना.”

“उठली की?”

“बांधलेला दिवा खुर्चीलाच उजळत बसेल.”

ते जरा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, “कधी उठते?”

हाच प्रश्न होता. ती रोज वेगळ्या वेळी उठायची. संहितेत वाक्य ठरलेलं होतं, पण त्या बाई मोठ्या नटी होत्या आणि आतून उठावंसं वाटल्याशिवाय उठत नसत. एखाद्या प्रयोगाला चार वाक्यं आधी, एखाद्याला ते वाक्य संपून दोन श्वास गेल्यावर. काकांनी दोन-तीन प्रयोग फक्त बघितले. मग एक दिवस बाल्कनीतून खाली येऊन मला सांगितलं, “डावा हात बघायचा. पत्र उजव्या हातात जातं आणि डावा खुर्चीच्या दांडीवर येतो. आला की उठणार.” मी ते नाटक कितीतरी वेळा पाहिलं होतं, मला हे दिसलं नव्हतं. बाईंना स्वतःलाही ठाऊक नव्हतं, आणि आम्ही त्यांना मुद्दामच सांगितलं नाही. माहीत झालं असतं तर तो हात त्यांना खोटा वाटायला लागला असता.

उठणाऱ्या माणसाच्या मागोमाग वर्तुळ वर गेलं तर प्रेक्षकाला फॉलो दिसतो. त्याच्यासोबत गेलं तर दिसत नाही. फरक अर्ध्या सेकंदाचाही नसेल. डावा हात खुर्चीच्या दांडीवर आला की काका दिव्याच्या दांडीवरची पकड सैल करायचे, श्वास घ्यायचे आणि ती उठताना दिवाही उठायचा. त्याच वेळी आयरिस किंचित उघडायची, कारण उभ्या माणसाला जास्त जागा लागते. सात टक्क्यांवर हे सगळं चाललेलं असे आणि शेजारच्या खुर्चीतल्या प्रेक्षकालाही पत्ता नसे. कोलकात्याचे प्रकाशयोजनाकार तापस सेन आपल्या सगळ्यांचे वडीलधारे. १९५९ च्या ‘अंगार’ या नाटकात त्यांनी कोळशाच्या खाणीत पाणी भरत जाताना दाखवलं होतं ते निव्वळ उजेडानं, आणि लोक त्याबद्दल अजून बोलतात. बोलावंच. मला मात्र काकांचे हे सात टक्के त्याच घराण्यातले वाटतात.

डिस्चार्जच्या दिव्यावर हे जमलं नसतं. पण एलईडीवरही सहज जमतं असं नाही. स्वस्त दिव्यात शून्य ते शंभरच्या मध्ये २५६च पायऱ्या असतात. वरच्या अंगाला त्या कळत नाहीत. खालच्या अंगाला डोळा फार तल्लख असतो, तिथं एकेक पायरी ठेच लागल्यासारखी जाणवते. उजेड येत नाही, उगवतो. चांगल्या दिव्यात हीच चढण ६५,५३६ पायऱ्यांत वाटलेली असते. शिवाय पंखा. एलईडीच्या झोतात उष्णता कमी असली तरी चिपच्या पाठीमागे ती साठते, ती काढायला पंखा लागतो. आई पत्राची घडी घालतेय, सभागृहात कुणी खोकतही नाही, आणि बाल्कनीच्या मागच्या रांगांना त्याची घरघर ऐकू येते. नाटकासाठी फॉलो निवडताना मी तो दहा मिनिटं चालू ठेवून त्याच्याशेजारी नुसती बसते.

आणि काही गोष्टी गेल्या त्या गेल्याच. टंगस्टनचा दिवा मंद होत जातो तेव्हा तार थंड होत जाते आणि उजेड पिवळ्याचा नारंगी, नारंगीचा तांबडा होत विझतो. अंकाच्या शेवटी चेहरा असा तांबूस होत अंधारात जायचा, आणि आपण प्रकाशयोजनाकार त्याचं श्रेय घ्यायचो, खरं तर ते त्या तारेचं होतं. एलईडी शेवटच्या टक्क्यापर्यंत त्याच रंगाचा राहतो आणि मग नसतो. महागड्या दिव्यांत आता मंद होताना मुद्दाम रंग उबदार करत नेण्याची सोय आहे. मी ती वापरते. तरी त्यात ती तार नाही हे माझ्या डोळ्याला कळतं.

दुसरी गेलेली गोष्ट प्रेक्षकांच्या लक्षातही येणार नाही. जुने नट आपला उजेड गालांनी शोधत. डोळ्यांवर झगमगाट असला की काय कुठं आहे ते दिसत नाही, पण गालावर ऊब कुठं लागते ते कळतं. अर्धं पाऊल पुढं, आता बरोबर, आता वाक्य घ्यायचं. एका ज्येष्ठ नटांनी एलईडीच्या पहिल्याच प्रयोगानंतर मला विचारलं, “आज मी दिव्यात होतो का गं?” होते, अगदी नेमके होते. पण त्यांच्या गालाला काही सांगितलंच गेलं नव्हतं. त्या प्रयोगापासून मी त्यांच्या तीन मुख्य जागांवर जमिनीलगत चिकटपट्टीच्या खुणा करायला लागले. त्यांनी त्या वापरल्या. त्यांना त्या आवडल्या नाहीत.

दौऱ्यावर अजून एक काळजी. पूर्वी लाइटच्या पेटीत एक जादा लॅम्प कापसात गुंडाळून ठेवलेला असायचा. त्याचं आयुष्य हजार तासांच्या आतबाहेर, गेला तर पंधरा मिनिटांत बदलून मोकळे. एलईडीचं आयुष्य पन्नास हजार तास सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरंही असतं. पण मध्येच चिपला वीज पुरवणारा ड्रायव्हर उडाला तर चंद्रपूरच्या बाजारात तो मिळत नाही, आणि पेटीत कापसात गुंडाळून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

एवढं सगळं न दिसणाऱ्या फॉलोबद्दल लिहिलं, पण जिथं तो दिसायलाच हवा तिथं मला तो पुरेपूर हवा असतो. लावणीत तो लपवणं हा लावणीचा अपमान आहे. पडद्याआडून पाठमोरी बाई येते, ढोलकीची तोड पडते आणि त्याच ठोक्याला फॉलो लागतो, तेव्हा टाळ्या-शिट्ट्यांत त्या दिव्याचाही वाटा असतो. तिथंही अक्कल लागते. उभ्या लावणीत वर्तुळात पाय आलेच पाहिजेत. शंभर-शंभर घुंगरांचे चाळ बांधून बाई नाचतेय आणि फॉलोवाला कमरेच्या वर थांबलाय, हे मी पाहिलेलं आहे आणि मला ते सहन होत नाही. बैठकीच्या लावणीत याच्या उलट. यमुनाबाई वाईकर बसून अदा करायच्या तेव्हा सगळं चेहरा, हात आणि पदर यांत चालायचं. अशा वेळी आयरिस आवळावी, पण हातांना बाहेर पाडू नये. हात कधी कुठवर जाणार हे गाणं ऐकल्याशिवाय कळत नाही, म्हणून लावणीच्या फॉलोवर मी नेहमी ठेका कळणारा माणूस मागते.

चैत्रात जत्रांच्या सुपाऱ्यांसाठी नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, तिथं गेलं की या सगळ्या दिव्यांचं सध्याचं रूप कळतं. प्रत्येक फडाला शेजारच्यापेक्षा जास्त झगमग हवी. मी त्यांना दोष देत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे आणि समोर पाच हजारांचा जमाव उघड्या रानात बसलेला असतो. पण नाट्यगृहांनीही हाच वॅटचा हिशोब धरावा याचं मला वाईट वाटतं. आता तर दिव्यामागचा माणूसही काढता येतो. नटाच्या अंगावर छोटा ट्रान्समीटर लावला की दिवे आपोआप त्याच्यामागे फिरतात. दुसऱ्या एका पद्धतीत माणूस विंगेत पडद्यासमोर बसून लांबवरचा दिवा हाकतो. ही दुसरी पद्धत मला मनापासून आवडते. काकांसारख्या माणसाला गुडघे दुखत असताना बाल्कनीचे जिने चढावे लागणार नाहीत, आणि डावा हात त्यांना पडद्यावर उलट जवळून दिसेल. पहिल्या पद्धतीतला ट्रान्समीटर बाई कुठं आहे ते बिनचूक सांगतो. ती उठणार आहे हे त्याला कळायला ती उठावी लागते.

नगरपालिकांची, महापालिकांची नाट्यगृहं आता जुने दिवे काढून एलईडी घेत आहेत, आणि घ्यायलाच हवेत. मी काही निविदा वाचल्या आहेत. त्यांत वॅट असतात, झोताचं अंतर असतं, वॉरंटी असते. प्रात्यक्षिक होतं ते रिकाम्या रंगमंचावर, काळ्या नाहीतर पांढऱ्या पडद्यावर, सकाळी अकरा वाजता, सभागृहाचे दिवे लावून. माझी मागणी साधी आहे. प्रात्यक्षिकाला दोन माणसं रंगमंचावर उभी करा, एक सावळी आणि एक गोरी. एकीच्या कपाळावर कुंकू असू द्या. सभागृहात पूर्ण अंधार करा, एसी बंद करा आणि खरेदी समितीला अठराव्या रांगेत बसवा. आधी दिवा शंभरावर लावा, लोकांना ते बघायचंच असतं. मग तो सातावर आणा. पंखा ऐका. कुंकवाचा रंग बघा. शून्यापासून सातापर्यंत चाळीस सेकंदांत चढवा आणि मध्ये कुठं ठेच लागते का ते सगळ्यांना विचारा. फॉलोसाठी बाल्कनीत सरळ उभं राहता येईल एवढी जागा आणि हात टेकायला कठडा आहे का हेही त्याच वेळी बघून घ्या. आणि सही करण्याआधी ज्या माणसाला तो दिवा रोज धरायचा आहे, त्याला दहा मिनिटं तो धरू द्या आणि त्याचं मत लिहून घ्या.